वृंदा, तू मला ढकललंस

"सोड ते! सोड!"

तू ओरडलीस, मी छातीशी धरलेली पिशवी हिसकलीस आणि मागं भिरकावलीस. विमान डावीकडे कललेलं. मोठे दिवे गेलेले, पायाखाली नुसते बारीक ठिपके पेटलेले. मागून काळा धूर येत होता आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी दारात उभी, माझ्यामागं सगळी रांग अडलेली. मी म्हणाले, "अगं, त्यात पुरणयंत्र आहे." बोलणं पुरं व्हायच्या आत तुझा पंजा माझ्या पाठीवर बसला आणि मी विमानाबाहेर होते.

लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू माझ्या अंगाला हात लावलास तो पाया पडताना. माझ्यापुढं आवाज चढवलेला मला आठवत नाही. आणि त्या दिवशी धोब्यानं गाठोडं टाकावं तसं तू मला टाकलंस. रबराच्या घसरगुंडीवरून मी खाली आले. कोपर सोललं, साडी गुडघ्यावर, एक चप्पल वरच राहिली. गवतात आपटले आणि डोक्यात पहिला विचार आला तो हा, की जमलं हिला. एकदाचं जमलं.

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या आजाराचं विचारतो. कधी कळलं, कुठं दाखवलं, डॉक्टर काय म्हणाले. आजाराचं मी बोलत नाही. आजार कुणालाही होतो, त्यात तुझं काही कर्तृत्व नाही. दौलतगंजातल्या माझ्या चुलत जावा येऊन म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्यवान. मी म्हटलं, भाग्य कसलं डोंबलाचं, माझ्या आधी गेली. त्यावर त्या चहा न घेताच उठल्या. तू असतीस तर आतून डोळे वटारले असतेस.

जावांनी तुझ्या लग्नातही तोंड घातलंच होतं. "सून काय करते? विमानात लोकांना पाणी पाजते?" मी म्हणाले, "हो, आणि तुमच्या सुना घरात पाजतात, फुकट." त्यावर तू पदराआड हसलीस. मी बघितलं होतं.

तुझी नोकरी दिल्लीची, घर इथलं, ग्वाल्हेरचं, दर्पण कॉलनीतलं. सुट्टी लागून आली की गाडीनं यायचीस आणि आल्या आल्या पाय गरम पाण्यात टाकून बसायचीस. शेखर शाळेतून आला की तोही शेजारी बसायचा, काही न बोलता. माझा मुलगा असाच आहे. गणित शिकवतो, घरात बोलत नाही. बोलणं सगळं तुझ्यामाझ्यात. मध्ये मटाराची परात.

एकदा तू म्हणालीस, "पाचवी मुलगी काढली, आई."

"कुठून काढली?"

"विमानातून. पाच जणी असायचो. आता चारच."

"हे चालतं?"

"नियमात चार बसतात."

"आणि पाचवीची कामं?"

"ती नाही काढली."

मग एकेक निघत गेलं. कंपनीत नवे साहेब आले होते. खर्च फार होतो म्हणत होते. मुलींचं विमानातलं जेवण बंद झालं, त्याजागी गरम पाणी ओतायचा उपमा आला. हॉटेलात एकेकीला खोली मिळायची ती दोघींत एक झाली, म्हणजे एकीचं उड्डाण पहाटे असलं की दुसरीचीही झोप गेली. चहा, शेंगदाणे, नूडल्स विकायचे आणि कुणी किती विकले ते रोज सगळ्यांना कळवायचं. तू म्हणालीस, "आई, पूर्वी एकीचे पाय दुखले तर दुसरी तिची चहाची गाडी ओढायची. आता ओढत नाही. तिची विक्री तिला मिळेल ना." सिमरन म्हणून लुधियान्याची नवी पोरगी तुझ्या हाताखाली आली होती. ती विमानाच्या मागच्या पडद्याआड रडायची आणि तोंड धुऊन हसत बाहेर यायची. तू म्हणालीस, हसायला शिकवायचे पैसे कंपनीकडे अजून आहेत.

हे सगळं तू सोसलंस. दार मात्र सोसलं नाहीस.

दाराचं असं. या मुलींना दर वर्षी खऱ्या विमानासारख्या खोलीत नेऊन दार उघडायला लावायचे, ओरडायला लावायचे, घसरगुंडीवरून उड्या मारायला लावायचे. नव्या साहेबांनी ते कमी करत करत पडद्यावर आणलं. मुलींनी खुर्चीत बसून बघायचं आणि शेवटी बटण दाबायचं. नियमापुरतं काही तरी ठेवलं होतं म्हणे, पण सिमरननं नोकरीला लागल्यावर एकदाच दाराला हात लावला होता.

मी म्हणाले, "नोकरी सोड. चहाच विकायचा तर फूलबागेसमोर ठेला टाक. मी गल्ल्यावर बसते. निदान चहा तरी चांगला असेल."

"मी सोडली तर त्यांना दार कोण दाखवणार?"

"कंपनी तुझ्या बापाची आहे का?"

"कंपनी नाही, आई. मुली माझ्या आहेत."

असली वाक्यं मला आवडत नाहीत. मी मटार सोलत राहिले. तुला वाटलं मी गप्प बसले म्हणजे पटलं. पटलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला तू तीन पोरी घेऊन आलीस. सकाळच्या गाडीनं आल्या, पोहे खाल्ले, आणि तू त्यांना घेऊन छतावर गेलीस. आपल्या जिन्याच्या टोकाला लोखंडी दार आहे, जड, कुरकुरणारं, वरच्या भागात जाळी. तेच तू विमानाचं दार केलंस. जिन्यात उभं राहायचं, जाळीतून आधी बाहेर बघायचं आणि मगच दार ढकलायचं. बाहेर काही नसलं तर उघडा. आणि बाहेर तारेवर माझं लाल लुगडं वाळत असलं, तर ती आग. मग दार उघडायचं नाही. दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि माणसांना दुसरीकडं पाठवायचं. लुगडं कधी घालायचं, कधी काढायचं, ते माझ्याकडं होतं. एका दुपारी मी ते मुद्दाम सारखं घालत-काढत होते. पोरी घामाघूम झाल्या. सिमरन म्हणाली, "दादी, आप तो कंपनी से भी ज़्यादा परेशान करती हो." मी म्हणाले, "कंपनी पोहे देती है क्या?"

दार जमलं. आवाज जमेना. या पोरींचा गळा गोड बोलून बोलून असा करून ठेवला होता की ओरडतानाही त्या विनंती करत. मी पिशवी घेऊन प्रवासी झाले. छतावर जुन्या गाद्या टाकल्या होत्या. सिमरन मला म्हणाली, "मैम, प्लीज़, बैग छोड़ दीजिए."

मी म्हणाले, "ऐसे बोलोगी तो अगले जनम में छोड़ूँगी."

पोरी हसल्या. मी म्हटलं, हसू नका, पोटातून ओरडा. ओरडायचं मला शिकवावं लागत नाही. आमच्या आळीत नळावरची भांडणं मीच जिंकायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सिमरनचा आवाज असा निघाला, "सामान छोड़ो! कूदो!", की शेजारची गुप्ताईन अंगणात आली.

"भाभी, घर में सब ठीक तो है?"

"सब ठीक. बहुएँ चिल्लाना सीख रही हैं."

"हमारी वाली को भी भेज दूँ?"

"तुम्हारी को आता है. हमको यहाँ तक सुनाई देता है."

वृंदा, तू त्या दिवशी पोट धरून हसलीस. पोरीही हसल्या. एकमेकींची विक्री मोजणाऱ्या त्याच पोरी एका गादीवर आडव्या पडून एकाच पुड्यातली तिळाची गजक खात होत्या. मग महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी येऊ लागल्या. दिल्लीत इतर मुली विचारू लागल्या, "छत पे कब जाना है?" आपल्या ऋजुतालाही तेव्हाच कळलं की आई फक्त ट्रे नेत नाही.

एकच गोष्ट जमत नव्हती. सगळ्यांनी माझी पिशवी हिसकली, मला गादीवर ढकललं. तू सोडून. तुझी पाळी आली की तुझा हात माझ्या खांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. "आई, सोडा ना ते."

"सोडा ना? आग लागलीय आणि सोडा ना?"

"प्रवासी समजून बघते, पण तुम्ही तुम्हीच दिसता."

"आग लागल्यावर मी काय वेगळी दिसणार आहे? ढकल!"

ऋजुता भिंतीवर बसून ओरडली, "मम्मी, आप फ़ेल! सिमरन दीदी पास, आप फ़ेल!" तू पदरानं घाम पुसलास. मी म्हणाले, सासूला 'सोडा ना' म्हणत बसशील तर सासू जाईल, आणि तिच्यामागची सगळी रांग जाईल. तू म्हणालीस, "मग तुम्ही विमानात बसूच नका." बसणारही नव्हते. विमान मला आवडत नव्हतं.

आता नोटीस. कुणी तरी छतावरचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत साहेबांकडे गेला. विमानातल्या मुली एका घराच्या छतावर गाद्यांवर उड्या मारतायत, पाठीमागं लुगडं वाळतंय. कंपनीची शोभा झाली म्हणे. परवानगी नसताना शिकवलं, हे एक. आणि विमान उतरायच्या आधी तू विक्रीची गाडी फार लवकर कुलपात टाकतेस, हे दुसरं. चौकशीला हजर राहा. तोवर काम चालू, पण छत बंद.

शेखर त्या दिवशी बोलला. "माफी मागून टाक. दोन ओळींचं काम आहे."

मी म्हणाले, "माफी कशाची? राजीनामा दे."

तू दोघांकडे बघितलंस. दहीभात कालवलास. "माफी मागितली तर छत चूक ठरतं. राजीनामा दिला तर त्यांचं काम सोपं होतं. दोन्ही नाही."

"मग काय करणार?"

"जेवणार."

त्यावरून आपलं वाजलं. मी म्हणाले, तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, कुणाकडून शिकले? बरेच दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोलत होतीस. मुलीही भेदरल्या. सिमरनचा फोन यायचा तोही बंद झाला. कुणी तरी तिला सांगितलं होतं की वृंदा मॅमपासून लांब राहिलीस तर तुझी नोकरी पक्की होईल. तू एवढंच म्हणालीस, "तिच्या घरी तिच्यावर चौघं जगतात." तुला तिचा राग आला नाही. मला आला.

अशात माझी पुण्याची बहीण पडली, पाय मोडला. मी गाडीनं गेले. परत यायची वेळ झाली तेव्हा माझे गुडघे असे धरले होते की शेखर म्हणाला, रेल्वेनं नको. तू फोन केलास. "आई, माझ्याच विमानात बसा. दिल्लीला उतरलो की दोघी मिळून गाडीनं घरी येऊ." मी हो म्हटलं. तो आपला समेट होता, पण तसं दोघीही म्हणालो नाही.

पुण्याहून ग्वाल्हेरला येणारा मराठी माणूस रिकाम्या हातानं येत नाही. मेतकूट, सांडगे, कुळथाचं पीठ, आणि माझ्या बाबतीत पितळेचं पुरणयंत्र. इथं मिळतं ते पत्र्याचं, दोन होळ्यांत वाकतं. विमानतळावर तपासणीच्या पोरीनं ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "अम्मा, ये क्या मशीन है?" मी म्हणाले, "दाल पीसने की. चाहिए तो तुम्हारे घर आके दिखाऊँ?" तिनं हात जोडून परत दिलं.

विमानात तू मला तिसऱ्या रांगेत बसवलंस आणि "मॅम" म्हणालीस. मी म्हटलं, "मॅमला चहा दे."

"चहा विकत आहे, मॅम."

"सुनेच्या हातचा चहा विकत? पाणी आण."

शेजारचा माणूस हसला. तू हसली नाहीस, पण मान फिरवताना तुझा गाल हलला. मागच्या बाजूला सिमरन होती. तिनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मीही केलं.

उतरायची वेळ आली तेव्हा तू दारापाशी, आमच्याकडे तोंड करून, त्या घडीच्या खुर्चीवर बसलीस. मी हात हलवला. तू हलवला नाहीस. डोळे दाराकडे, ओठ बारीक हलताहेत. मला राग आला. मग आठवलं, तूच सांगितलं होतंस. विमान टेकायच्या आधी मी मनात म्हणते, माझं दार हे, माझे शब्द हे, मदतीला ताकदीचा माणूस तो बसलाय. कंपनीला त्याच वेळात शेंगदाण्यांचा हिशेब हवा होता. तू गाडी आधीच कुलपात टाकून ती वेळ मोकळी ठेवायचीस. नोटिशीतला दुसरा मुद्दा तो हाच.

विमान टेकलं, आणि मोठा आवाज झाला. डाव्या बाजूचं चाक गेलं होतं, ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की सगळं घासत, हादरत कडेला चाललंय. थांबलं तेव्हा माझे दात एकमेकांवर बसलेले होते. मग ओरडा, अंधार, धूर. पायलटनं बाहेर काढा म्हणून सांगितलं आणि तुझं दार उघडलं.

मागच्या दाराशी काय झालं ते मी नंतर सिमरनकडून ऐकलं. तिच्या दाराबाहेर आग होती. माणसं तिच्यावर येऊन आदळत होती, "खोलो, खोलो" म्हणत होती. ती म्हणाली, "दादी, मैंने खिड़की से देखा, और मुझे आपकी लाल साड़ी दिखी." तिनं दार उघडलं नाही. पाठ लावून उभी राहिली आणि ओरडली, "ये दरवाज़ा बंद! उधर जाओ!" तो आवाज मला पुढच्या दारापर्यंत ऐकू आला. छतावर काढलेला तोच, पोटातून. माणसं वळली. ती दार उघडती तर आग आत आली असती.

आणि पुढं, दारात, मी पिशवी धरून उभी. छतावर इतक्या वेळा हट्टी म्हातारीचं सोंग केलं, आणि खरी वेळ आल्यावर मी तीच म्हातारी निघाले. पितळेचं टोक लागून घसरगुंडी फाटली असती. तुला ते माहीत होतं, मलाही. तरी हात सुटत नव्हता. तुझ्यासमोर सासू होती आणि सासूमागं रांग होती. तू हिसकलंस आणि ढकललंस.

गवतात तू सगळ्यांच्या शेवटी आलीस. तोंड काळं, केस सुटलेले. मुली माणसं मोजत होत्या. तू माझ्यापाशी वाकलीस. "आई, लागलं का हो? माफ करा मला."

मी म्हणाले, "कंपनीकडं माफी मागत नाहीस आणि इथं मागतेस? ऊठ."

सिमरन धावत आली आणि तुझ्या गळ्यात पडून रडली. तिला बोलता येत नव्हतं, आवाज बसला होता. तू तिच्या पाठीवर थोपटत म्हणालीस, "लाल थी?" तिनं मान हलवली. "बस," तू म्हणालीस.

चौकशीचा दिवस आला तोवर कंपनीनं त्याचा सत्कार करून टाकला होता. मोठा हॉल, फुलं, शालींचा ढीग. मी आणि शेखर पहिल्या रांगेत. मोठे साहेब बोलले, की हे आमच्या उत्तम प्रशिक्षणाचं फळ आहे. तुझ्या खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. त्यांना वाटलं आभार मानशील. मला माहीत होतं, ज्या बाईनं सासूला विमानाबाहेर फेकलं ती आता साहेबाला सोडत नाही.

तू हिंदीत बोललीस, सगळ्यांना समजेल असं. "साहेब, हे प्रशिक्षण ग्वाल्हेरला माझ्या घराच्या छतावर झालं. दार जिन्याचं होतं. आग माझ्या सासूचं लुगडं होतं. त्यासाठी मला नोटीस आहे. आज ज्या मुली इथं उभ्या आहेत त्यांनी पडद्यावर बघितलेलं काही केलं नाही, छतावर केलेलं केलं. शाल मी घेते. पण मुलींना खरं दार द्या, पोटभर जेवण द्या आणि आमची पाचवी मुलगी परत द्या."

साहेब पाण्याचा पेला शोधत होते. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सिमरन उभी राहिली होती. नोकरी पक्की न झालेली, घरी चौघांना जगवणारी ती पोरगी एकटी उभी. तिच्यामागं दुसरी, मग एक रांग, मग सगळा हॉल. नव्या मुली, जुन्या मुली, भिंतीला टेकलेले दोन पायलटसुद्धा. एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या पोरी एकत्र उभ्या राहिल्या. शेखर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "वा!" माझ्या मुलाला मी असा ओरडताना प्रथमच ऐकलं. मी उभी राहिले नाही, गुडघे धरले होते. पण साहेबाच्या तोंडाकडे बघत बसले आणि मला फार बरं वाटलं.

नोटीस गेली. खरं दार परत आलं. आता दर वर्षी तिथं नेतात. जेवण परत आलं, त्यात पोहेही असतात म्हणे. पाचवी मुलगी अजून आली नाही. ते भांडण तू अर्धं टाकून गेलीस. मी चौथी पास बाई, इंग्रजीत अर्ज करू शकत नाही. सिमरन करते आहे. ती आता तुझ्या जागी, पुढच्या दाराशी बसते.

आपलंही भांडण अर्धंच राहिलं. नोकरी सोडायला हवी होती की नको? तू बरोबर होतीस असं मी लिहून देणार नाही. पाच जणींचं काम चौघींत करताना तू झिजलीस, हे माझं मत होतं आणि आहे. पण तू सोडली असतीस तर त्या दिवशी दारात दुसरी कुणी असती, 'मैम, प्लीज़' म्हणणारी. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तू सांगितलं नाहीस.

एक गोष्ट मीही सांगितली नाही. सुनेनं मला विमानातून ढकललं, हे मी सगळ्या दर्पण कॉलनीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, दौलतगंजात जाऊन जावांना सांगितलं. तू दर वेळी लाजून म्हणायचीस, "आई, पुरे ना." पण गवतात पडल्या पडल्या मला 'जमलं हिला' असं वाटलं होतं, आणि इतकं बरं मला तुझ्या लग्नातही वाटलं नव्हतं, हे तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस. आता बस.

तुझ्या तेराव्याला मुली आल्या. घरात मावल्या नाहीत, गुप्ताईनीनं तिची बैठक उघडून दिली. कंपनीनं पुरणयंत्र मागंच परत पाठवलं होतं, दांडा वाकलेलं, धुराच्या वासाचं. त्यातच गोडाचं पुरण वाटलं. वाकड्या दांड्यानंही नीट वाटलं जातं, पितळ आहे ते.

जेवणं झाल्यावर सिमरन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "दादी, छत पे जाएँ?"

मी म्हणाले, "पूछ क्या रही हो? चलो."

भर उन्हात सगळ्या वर गेल्या. ऋजुतानं माझं लाल लुगडं तारेवर घातलं. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. सिमरननं जाळीतून बघितलं, ऋजुतानं लुगडं ओढून काढलं, दार उघडलं, आणि सगळ्या पोरी एकदम ओरडल्या, "सामान छोड़ो! कूदो!" खाली रस्त्यावरचा टेंपो थांबला. गुप्ताईन अंगणातून वर बघत होती. या वेळी तिनं घरात सब ठीक का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "और ज़ोर से, बेटा!" पोरी पुन्हा ओरडल्या. मी पिशवी सोडली नाही. तुझ्या मुलीनं, ऋजुतानं, माझ्या हातातून ती हिसकली, मागं फेकली आणि मला गादीवर ढकललं. जराही न थांबता. पिशवीत लाडू होते. फुटले.

त्या दिवशी विमानात जेवढे बसले होते तेवढे सगळे उतरले. आधी प्रवासी, मग मुली, मग तू. सगळे जगले.